माळ्याची कैफियत

वाचकहो, आधी एक खुलासा करतो. वरचा माळा बागेतला नव्हे. बागेतल्या माळ्याची बाजू घ्यायला त्याची फुले आहेत. मी बोलतो आहे तो घरातल्या माळ्याविषयी. माजघराच्या डोक्यावर, सागाच्या फळ्यांवर, अंधारात, तीन पिढ्यांचे अंथरूण-पांघरूण छातीशी धरून बसलेला हा माळा सध्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. आरोप एकच, की तो भरलेला आहे. आणि फिर्यादी कोण? तर आमचेच चिरंजीव, जे लहानपणी माझा मार चुकवायला याच माळ्यावर जाऊन लपत असत!

चिरंजीव पुण्याला असतात. माणूस पुण्याला राहू लागला की त्याला गावाकडच्या घरात पसारा दिसू लागतो, हा निसर्गनियम आहे. पारोळ्याला आले की पहिल्या दिवशी ते भरीत-भाकरी खातात, दुसऱ्या दिवशी झोपतात आणि तिसऱ्या दिवशी माझ्या घराकडे डॉक्टर पेशंटकडे पाहतो तसे पाहू लागतात.

"आप्पा, साधा नियम आहे," ते म्हणतात, "जी वस्तू वर्षभरात एकदाही वापरली नाही, ती आपल्याला लागत नाही. टाकून द्यायची."

मला हा नियम ऐकून पहिली काळजी वाटली ती आमच्या किल्ल्याची. पारोळ्याचा भुईकोट किल्ला 1727 साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला असे सांगतात. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत त्याच्यावर एकाही शत्रूने चाल केलेली नाही. म्हणजे वापर शून्य. टाका काढून! दुसरी काळजी स्वतःची वाटली. शाळेतून निवृत्त होऊन मला पुष्कळ वर्षे झाली. या नियमाने मोजायला बसले तर घरातली सगळ्यांत मोठी, जागा अडवणारी आणि न वापरलेली वस्तू कोणती, याचे उत्तर फार लांब शोधायला नको. आमच्या सौभाग्यवती ते उत्तर तोंडी देऊ शकतील.

परंतु विनोद बाजूला ठेवतो, कारण मला भांडायचे आहे.

जुन्या घरांत सामान नुसते कोंबलेले असे, अशी हल्ली समजूत आहे. ही समजूत ज्यांनी जुने घर फक्त सिनेमात पाहिले त्यांची. आमचे घर धाब्याचे. (धाबा म्हटल्यावर हायवेवरची दालफ्राय डोळ्यांसमोर आणू नये. खानदेशात धाबे म्हणजे घराचे मातीचे सपाट छप्पर. पावसाळ्याच्या आधी त्यावर खारी माती पसरायची, म्हणजे गळत नाही.) भिंती एवढ्या रुंद की कोनाडे आणि फडताळे भिंतीच्या पोटातच. भिंत हेच कपाट. वेगळे कपाट ठेवायला जागा हवी, मग त्या कपाटावर बॅगा ठेवायला जागा हवी, मग त्या बॅगांवरची धूळ पुसायला स्टूल हवे आणि ते स्टूल ठेवायला पुन्हा जागा हवी, हा खेळ तेव्हा नव्हता.

माझ्या आजीच्या राज्यात प्रत्येक वस्तूचा मुक्काम ठरलेला असे. रोजचे धोतर, टोपी, पिशवी खुंटीवर. धुतलेले लुगडे वळणीवर. लागेल ते तेल, फणी, कुंकू कोनाड्यात. डबे आणि सुपारीचे तबक फडताळात. सणाचे कपडे ट्रंकेत. स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड, सर्वांत खाली सर्वांत मोठे मडके. त्यात आजीची स्वतःची शिल्लक असे. ती काढायची तर आधी वरची सहा मडकी उतरवावी लागत. खर्चाला लगाम घालायचा यापेक्षा सोपा उपाय पुढे कुठल्या बँकेलाही सुचलेला नाही. म्हातारपणी आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तरी ओट्यावर बसून ती सांगत असे, "दुसऱ्या फडताळात, वरून तिसरी फळी, डाव्या हाताला, डब्याच्या मागे." हात घातला की वस्तू हातात. आज माझ्या दोन्ही डोळ्यांना चष्मा आहे आणि तो चष्मा कुठे आहे हे मला ठाऊक नसते.

आणि या सगळ्याच्या वर माळा. माळ्यावर काय असे? तर घरातल्या माणसांना लागणारे जवळजवळ काहीच नसे. तिथे गाद्या, उश्या, गोधड्या, मोठे पातेले, घंगाळ, जास्तीचे पाट, पाळणा. सगळे येणाऱ्या माणसांचे. कुठलीही वस्तू टाकायची वेळ आली की आजी आपल्या अहिराणीत एकच वाक्य बोले, "ठेई दे, कामले येई." ठेवून दे, कामाला येईल. कुणाच्या कामाला, हे ती सांगत नसे. तिला ते ठाऊक नसेच. पण कुणीतरी येणार आहे, याविषयी तिला शंका नव्हती.

शंका असायचे कारणही नव्हते. पारोळे सुरत-नागपूर हायवेवर. धुळ्याहून जळगावला जाणारा नातेवाईक वाटेत उतरतोच. न उतरला तर आपल्याला राग येतो, आणि राग येऊ नये म्हणून तो जेवायलाही थांबतो. अर्धा खानदेश पोटासाठी सुरतेला. तिकडची माणसे रेल्वेने अमळनेरला उतरायची आणि तिथून एस.टी.ने गाठोड्यांसकट आमच्या ओसरीवर. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येत, पोरांसह. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की सगळे भाऊबंद एका छपराखाली. घर तेवढेच. मग माळ्याला शिडी लागे, आणि वरून अंथरुणे खाली येत.

म्हणून आखाजीच्या आधी, चैत्र सरता सरता, माळा रिकामा होई. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर चढलेला. अर्ध्या धाब्यावर बिबड्या आणि कुरडया, अर्ध्या धाब्यावर गाद्या आणि गोधड्या. आम्हा पोरांना काठी देऊन कावळ्यांवर बसवत. आम्ही कावळ्यांपेक्षा जास्त बिबड्या खात असू. तसल्या उन्हात दोन दिवस पडलेल्या गोधडीत कसर राहत नाही आणि कुबट वासही राहत नाही. मग वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून घड्या. शालू असेल तर त्यात वेखंडाचा तुकडा, आणि दर वर्षी घडी मोडून नव्या ठिकाणी घडी. कारण रेशीम आणि जर एकाच घडीवर वर्षानुवर्षे ठेवली की तिथेच चिरते. हे शास्त्र कुणी पुस्तकात वाचलेले नव्हते. पण माझ्या आईच्या लग्नातला शालू माझ्या बहिणीच्या लग्नात नेसता आला, एवढा पुरावा मला पुरतो.

मग कपाट आले. गोदरेज कंपनी 1923 सालापासून लोखंडी कपाटे करते, पण आमच्या घरी ते यायला 1978 साल आणि माझे लग्न उजाडावे लागले. आमचे कपाट धुळ्याच्या एका कारागिराने केलेले. तरी घरात त्याला 'गोदरेज' असेच म्हणतात, आणि त्यालाही ते आवडते असे दिसते. कपाटाने दोन गोष्टी केल्या. एक, दाराला आरसा असल्यामुळे मी किती टक्कल पडून घेतले आहे हे मला रोज कळू लागले. दुसरी, वस्तू दाराआड गेल्या. खुंटीवर चार सदरे झाले की डोळ्यांना दिसते, आणि पाचवा घेताना माणसाला लाज वाटते. कपाटात चाळीस झाले तरी दार लोटले की संपले! मग ते चाळीस सदरे भांडीवालीला देऊन सौभाग्यवतींनी भांडी घेतली, आणि भांडी ठेवायला दुसरे कपाट आणावे लागले.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये तर कपाटेसुद्धा दिसत नाहीत. सगळे भिंतीत गडप. चिरंजीवांनी पहिल्यांदा घर दाखवले तेव्हा मला वाटले, सामान अजून यायचे आहे. पलंग मात्र विशेष. गादी वर उचलली की खाली पेटारा, आणि पेटाऱ्यात पाहुण्यांचे अंथरूण. आम्ही रात्री साडेदहाला पोहोचलो. नातू त्या पलंगावर गाढ झोपलेला. आता माझे अंथरूण काढायचे तर पोराला उठवायला हवे, आणि पोराला उठवायचे तर सूनबाईंच्या जिवावर येणार. रात्री मी सोफ्यावर, पाय टीपॉयवर आणि अंगावर सौभाग्यवतींची शाल, असा झोपलो. पेटाऱ्यात चार उत्तम रजया होत्या म्हणे. माझ्यापासून तीन फुटांवर!

या सगळ्या नव्या धर्माच्या मुळाशी एक जपानी बाई आहेत, असे मला सांगण्यात आले. मारी कोंडो त्यांचे नाव. त्यांचे पुस्तक 2014 साली इंग्रजीत आले आणि जगभर खपले. 2019 साली त्यांची मालिकाही आली. त्या सांगतात, प्रत्येक वस्तू हातात धरा आणि मनात आनंदाची ठिणगी पडते का पाहा. पडली तर ठेवा. नाही तर तिचे आभार मानून निरोप द्या. मी हा प्रयोग करून पाहिला. कुकरची शिटी हातात धरली; ठिणगी पडली नाही. विळी धरली, रक्त आले. शेवटी विजेचे बिल धरले, तेव्हा मात्र मनात काहीतरी पेटले. पण बिल टाकून देता येत नाही.

त्या बाईंवर माझा राग नाही. त्या मनाने चांगल्या असाव्यात, कारण तिसरे मूल झाल्यावर, 2023 च्या जानेवारीत, त्यांनीच मोकळेपणाने सांगून टाकले की आता आवराआवरीचा नाद आपण जरा सोडलाच आहे. घरात माणसे वाढली की जपानातही असेच होते तर! शिवाय जपानी माणूस जुन्या पद्धतीने सकाळी अंथरूण गुंडाळून भिंतीतल्या मोठ्या फडताळात ठेवतो. म्हणजे आमच्यातलाच. माझे भांडण आहे ते त्या पुस्तकातले 'टाका' एवढेच वाचून पुण्याहून निघणाऱ्यांशी.

आता मुख्य साक्षीकडे वळतो, आणि इथे मला एक लाजिरवाणी कबुली द्यायची आहे.

2019 च्या दिवाळीत चिरंजीव आले ते निश्चय करूनच. भाऊबीज झाली आणि त्यांनी माळ्याला शिडी लावली. एकोणीस गोधड्या, चार गाद्या, पाळणा, घंगाळ, पितळी स्टोव्ह, सगळे खाली ओसरीवर. त्या गोधड्यांतल्या निम्म्या माझ्या आईच्या नऊवारीच्या. नेसून नेसून मऊ झालेले सुती लुगडे, त्याचेच थर, त्यावर तिच्या हातचे टाके. चिरंजीव म्हणाले, "आप्पा, शेवटचं कधी काढलं होतं हे सगळं?" मला आठवेना. कानबाईला हल्ली माणसे सकाळी गाडीने येतात आणि संध्याकाळी परत जातात. पाळणा तर तीस वर्षांत हलला नव्हता. चिरंजीव म्हणाले, "मग? आज काहीही लागलं तर फोनवर मागवता येतं. पुण्यात लगेच घरपोच येतं."

वाचकहो, माळ्याचा हा वकील तेव्हा काय म्हणाला? "ठीक आहे, देऊन टाका." कारण मला दुपारची झोप येत होती. सौभाग्यवती फक्त "बरं" म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षे होऊनही त्या "बरं"चा अर्थ मला कळला नाही, हा माझा दुसरा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरी स्वच्छ. चिरंजीव खूश होऊन पुण्याला गेले. मी म्हटले, एवढ्या लवकर कोण घेऊन गेले? त्या म्हणाल्या, "लागत होतं त्याला दिलं."

पुढे 2020 उजाडले. 25 मार्चला देश बंद झाला. सुरतेचे माग थांबले. काही दिवस माणसे तिथेच थांबली, मग पैसे संपले, आणि मे महिन्यात आमच्या हायवेवरून माणसे चालताना दिसू लागली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे, वर ते ऊन. त्याच महिन्यात माझ्या चुलतभावाची दोन्ही मुले बायकापोरांसह आमच्या दाराशी उभी राहिली. मिळेल त्या टेम्पोने आली होती. नऊ माणसे, त्यांत एक सहा महिन्यांचे बाळ. थोरला ओसरीखालीच थांबून म्हणाला, "काका, चौदा दिवस वेगळं राहायचंय. आम्ही मागच्या पडवीत राहतो. फक्त अंथरायला काही असेल तर..."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. दुकाने बंद. फोनवर मागवून यायला हे पुणे नव्हे, आणि त्या महिन्यात पुण्यातही काही येत नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर ती स्वच्छ ओसरी आली. आयुष्यात इतकी लाज मला विद्यार्थी नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, नुसते उभे काय राहिलात? शिडी धरा."

त्या माळ्यावर चढल्या आणि वरून एकेक गोधडी खाली येऊ लागली. मी मोजत होतो. एकोणीस. मग गाद्या, मग घंगाळ, मग स्टोव्ह. आणि सर्वांत शेवटी, दोरीने सावकाश सोडलेला पाळणा. दिवाळीच्या त्या रात्री आम्ही दोघे बाप-लेक घोरत असताना त्यांनी शेजारच्या सुनेला हाताशी धरून सगळे पुन्हा वर चढवले होते. "लागत होतं त्याला दिलं" म्हणजे माळ्याला!

ती माणसे दिवाळीपर्यंत राहिली. माग पुन्हा सुरू झाले तेव्हा परत गेली. त्या सहा महिन्यांत तीस वर्षे न वापरलेला पाळणा एक दिवसही रिकामा नव्हता.

म्हणून मी म्हणतो, वर्षाचा तो नियम खोटा आहे. तो वस्तू मोजतो आणि माणसे विसरतो. न वापरलेली एक जास्तीची गोधडी म्हणजे कुणीतरी अवेळी आले तर त्याला "परत जा" म्हणावे लागणार नाही, याची सोय. ती सोय काढून टाकली की घर सुटसुटीत दिसते खरे. हॉटेलची खोलीही तशीच दिसते. तिथेही कुणी येणार असेल तर आधी कळवावे लागते आणि जास्तीच्या गादीचे पैसे पडतात.

एवढे लिहून झाल्यावर मी हा मजकूर मोठ्या अभिमानाने सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्यांनी तांदूळ निवडता निवडता ऐकला.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "माळ्यावर कोण चढायचं?"

"म्हणजे?"

"आधी तुमच्या आजी, मग सासूबाई, मग मी. गाद्या उन्हात कोण टाकायचं? घड्या कोण मोडायचं? पाला कोण घालायचं? तुम्ही आणि तुमचे वडील खाली उभं राहून 'जपून गं' म्हणायचे. पोरगा टाका म्हणतो तेव्हा मला राग येतो, पण एक सांगू? माझे गुडघे त्याच्याच बाजूने आहेत."

मला काही सुचेना. हातातला कागद मी घडी करून खिशात घातला. घडी मोडायची नवी जागा सापडली नाही.

म्हणून यंदा आखाजीच्या आधी मी स्वतः माळ्यावर चढलो. त्या खाली उभ्या राहून "जपून" म्हणाल्या. एकोणीस गोधड्या आणि चार गाद्या खाली, मग गच्चीवर (धाबे जाऊन आता तिथे स्लॅब आला आहे), मग उलटसुलट, मग पुन्हा घड्या, पुन्हा वर. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. तिसऱ्या दिवशी मला चिरंजीवांचा तो नियम तितकासा वाईट वाटेनासा झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्यातच माळ्याच्या कोपऱ्यातून एक पेटी निघाली. त्यांनी ती गच्चीवर उन्हात माझ्यापुढे उघडून ठेवली. आत होती 1987 पासूनची विजेची बिले. कापड गेलेल्या तीन छत्र्यांच्या काड्या. कुलपे हरवलेल्या चौदा किल्ल्या. एक ट्रान्झिस्टर, ज्यातून पाठ केल्यासारखा फक्त खरखराट निघे. सगळे माझे.

"हे कुणासाठी ठेवलंय?" त्यांनी विचारले.

मी विचार केला. सुरतेहून, नागपूरहून, कुठूनही, कितीही अडचणीत सापडलेला कोणता पाहुणा रात्री दार ठोठावून 1987 चे विजेचे बिल मागेल?

"गोधड्या राहतील," त्यांनी निकाल दिला. "दुसऱ्यासाठी ठेवलंय ते सामान. हा तुमचा पसारा."

माळा निर्दोष सुटला. त्याच्या वकिलाला मात्र शिक्षा झाली: दर वर्षी आखाजीच्या आधी तीन दिवस, सक्तमजुरी. पेटी भंगारवाल्याला गेली. एक किल्ली मी हळूच काढून खिशात ठेवली आहे. कामले येई!

परवा चिरंजीवांचा फोन आला. "आप्पा, यंदा कानबाईला मी ऑफिसातले चौघे घेऊन येतोय. त्यांना बघायचंय सगळं. दोन रात्री राहतील. पण... झोपायची सोय होईल ना?"

मी मुद्दाम थोडा वेळ गप्प राहिलो.

"वर्षभर वापरलेलं नाही," मी म्हणालो, "पण आहे. फक्त एक कर. येताना शिडी धरायच्या तयारीने ये."